तळघरातल्या एकवीस बरण्या

सोमवार, ४ सप्टेंबर

यंत्र आलं! बुटाच्या खोक्याएवढं, पांढरं, वर एक हिरवा दिवा. एवढ्याशा डब्यासाठी अकरा बैठका झाल्या, चार ठराव झाले, आणि दोस्ता नावाच्या आमच्या शेजारणीच्या हातचे केक किती खाल्ले त्याची गणती नाही. (शेजारीण चांगली, केक वाईट. नगरपालिकेला हवा सुधारायचीय, दोस्ताला कोण सुधारणार?)

अशी तीन यंत्रं मिळालीत. हवेत बारीक धूळ किती ते दर पाच मिनिटांनी मोजतात. "कुठे लावायची ते आळीनेच ठरवायचं," तेया म्हणाली. तेया म्हणजे आम्हाला सहभाग शिकवायला राजधानीहून येणारी मुलगी. पांढरे बूट घालून खालच्या आळीत येते, यावरून तिचा अनुभव कळावा. "इथले तज्ज्ञ तुम्हीच आहात!" म्हणते. आयुष्यभर धूर खाल्ल्यावर आज पदवी मिळाली.

एक शाळेच्या गच्चीवर. एक ग्लिगोरभाऊंच्या घराला — ते आमच्या समितीचे अध्यक्ष, तीस वर्षं समोरच्या कारखान्यात घालवलेली. तिसरं आमच्या अंगणात, असं मी सुचवलं. कारखान्याची, म्हणजे शिशाच्या भट्टीची, भिंत अगदी समोर, वीज जात नाही, आणि आईची नजर चुकवून कोणी हात लावायची शक्यता नाही. एकमताने मंजूर. समितीत पहिल्यांदाच एकमत झालं. लक्षण बरं नव्हे.

मी चिटणीस. "तू पेपरात बोचरं लिहायचीस ना!" म्हणून. पेपर सहा वर्षांपूर्वी बंद पडला. बोच शिल्लक आहे.

संध्याकाळी माझी लेक देस्पिना इस्पितळातल्या ड्यूटीवरून आली, यंत्राकडे पाहिलंही नाही. "आई, फेब्रुवारीपर्यंत. तुमचा आराखडा मंजूर झाला, भट्टी ताब्यात आली, तर मी राहते. नाहीतर इस्क्राला घेऊन जाते. पुढचा हिवाळा तिला इथे काढू देणार नाही." जर्मनीतल्या इस्पितळाचं पत्र तिच्या पर्समध्ये आहे. जावई, इस्क्राचा बाप, दोन वर्षांपासून तिकडेच. पोरगी रागावून बोलली असती तर मी भांडले असते. तिने भाजी चिरता चिरता सांगितलं.

शनिवार, २३ सप्टेंबर

मिरच्यांचा दिवस! हात लाल, डोळे लाल, कंबर गेली. आळीतल्या चौदा चुली आमच्या अंगणात — दरवर्षीप्रमाणे, कारण अंगण आमचं मोठं आणि आईचा आवाजही. ढोबळ्या लाल मिरच्या भाजायच्या, गरम असतानाच सोलायच्या, दळायच्या, मग तेलात चार तास ढवळत राहायचं. हात थांबला की आई ओरडते. मग हा आय्वार हिवाळाभर पावाला लावून खायचा. यंदाचा रंगाला सुंदर आलाय.

मिरच्या घरच्या. बाजारच्या मिरचीला आई हात लावत नाही. "दुसऱ्याच्या मातीतलं मी का खाऊ?"

आईने यंत्रावर ओलं फडकं टाकलं होतं, घाण होईल म्हणून. मी काढलं. मोजू दे त्याला, म्हटलं, आपण नियम पाळणारी माणसं.

रविवार, २४ सप्टेंबर

दुसरा दिवस. शेहेचाळीस बरण्या. इस्क्रा कढईतली पळी चाटत बसली होती, कानापर्यंत माखलेली. तिचा पहिला घाससुद्धा याचाच — आठ महिन्यांची होती, मी बोटावर घेऊन चाटवला. देस्पिना किंचाळली होती. आई म्हणाली, "चाटू दे, रक्त वाढतं."

रात्रीच्या जेवणाआधी आईने विधी केला. यंदाची पहिली बरणी बंद झाली, झाकणावर साल लिहिलं, आणि मग गेल्या वर्षीची शेवटची बरणी उघडायला मोकळी झाली. नवी मिटल्याशिवाय जुनी शेवटची उघडायची नाही, घर रिकामं पडतं — हे तिच्या आईकडून आलेलं. पण नवी असताना जुनी कोण खातो? ती शेवटची तशीच तळघरात जाते. २००३ला बाबा गेले, तिने फळी नव्याने लावली, तेव्हापासूनच्या वीस आहेत, आजची पहिली धरून एकवीस. मी एकदा यावर लेख लिहिला होता. आई आठ दिवस बोलली नव्हती.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

कार्यशाळा. तेयाने रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. पिवळ्यावर स्वप्न, निळ्यावर भीती, गुलाबीवर 'मी काय देऊ शकते'. ग्लिगोरभाऊंनी तिन्हींवर 'भट्टी' लिहिलं.

तेया : "भाऊ, स्वप्नाच्या चिठ्ठीवर पण?"

ग्लिगोरभाऊ : "स्वप्नात पण तीच येते, पोरी. मी काय करू?"

पण खरं सांगायचं तर — काम झालं. आराखड्यात तीन मागण्या. हिवाळ्यात वारा पडलेल्या दिवशी भट्टी बंद. वर्षाच्या आत धुराड्याला गाळणी. भट्टीत वितळवायच्या जुन्या बॅटऱ्यांचे ट्रक शाळेच्या गल्लीतून नकोत. एवढंच. तिसरी मागणी दोस्ताची. "बाकीचं नाही झालं तरी हे होऊ दे, माझी खिडकी तिथे आहे." प्रामाणिक बाई.

डिसेंबरात सुनावणी, मग नगरपालिका मत देणार. आराखडा लिहायचं काम माझ्याकडे.

बुधवार, ८ नोव्हेंबर

वारा पडला. डोंगर दिसेनासा झाला, मग चर्चचा कळस, मग समोरची भिंत. तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव. खिडक्यांना चिकटपट्टी लावली.

इस्क्राने सकाळी विचारलं, "आजी, आज बाहेर बंद आहे का?" दुकान बंद असावं तसं.

हो म्हटलं. आज बाहेर बंद आहे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

बाहेर बंद.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

बंद. इस्क्राला नेब्युलायझर तीनदा. मास्कमध्ये तिचं तोंड दिसत नाही, नुसते डोळे, आणि ते माझ्याकडे लागलेले. जणू किल्ली माझ्याकडेच आहे!

रविवार, २६ नोव्हेंबर

आकडे गोळा केले. शाळेवरचं यंत्र ऑक्टोबरातच पोरांनी चेंडूने पाडलं, कोणी बोललं नाही. ग्लिगोरभाऊंच्या यंत्राचे एकोणीस दिवस कोरे. द्राक्षं चिरडायच्या मोटरला प्लग हवा होता.

"अध्यक्ष, वाइन काय वाऱ्यावर सोडून देणार होता?" मी.

"रात्का, वाइन वाट बघत नाही. हवा कुठे पळून जात्ये?"

म्हणजे पूर्ण नोंद एकाच यंत्राची — आमच्या अंगणातल्या. पण काय नोंद आहे! सप्टेंबरच्या शेवटी एक शिखर असं उभं राहिलंय की कागदाबाहेर जाईल. नोव्हेंबरची सगळी टेकाडं त्यापुढे पोरं. तोच आलेख मी मुखपृष्ठावर टाकला. खाली लिहिलं : 'हे आम्ही श्वासातून घेतो.' ठळक अक्षरात. हातखंडा आहे आपला.

देस्पिनाने मुखपृष्ठ हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "छान झालंय, आई." या घरात एवढं कौतुक चार वर्षांत झालेलं नाही.

मंगळवार, १९ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. लिहिते.

सभागृह भरलेलं. आई काळी शाल घेऊन पहिल्या रांगेत. मी आराखडा वाचला, टाळ्या मिळाल्या. मग भट्टीचा माणूस उठला — टायवाला, मऊ आवाजाचा. माझंच मुखपृष्ठ पडद्यावर लावलं.

"बाईंनी फार परिश्रम घेतलेत. या शिखराची तारीख कोणी सांगेल का?"

कोणी नाही सांगितली. त्यानेच सांगितली. २३ आणि २४ सप्टेंबर. शनिवार, रविवार. त्या दोन्ही दिवशी भट्टी दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होती, त्याच्याकडे सरकारी शिक्का आहे. मग पडद्यावर फोटो आला. आमचं अंगण. चौदा चुली, चौदा धूर, मध्ये मी, हातात पळी, खी खी हसत्ये. आणि माझ्या खांद्यामागे पांढरा डबा. हिरवा दिवासुद्धा स्पष्ट. फोटो दोस्ताने स्वतः टाकला होता, साऱ्या जगाला दिसेल असा. खाली लिहिलेलं, 'आमची आळी, आमचा वास!'

सभागृह हसलं. पाठीमागून सुरू झालं आणि पुढे आलं. आमची माणसंही हसली. मीही हसले असते. असला मासला मला मिळाला असता तर महिनाभर पुरवला असता.

एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही! अकरा जणांची समिती. आकडे पाहिले, तारखा पाहिल्या, त्या दिवशी कुठे होतो ते सगळ्यांना पाठ. पण मिरच्यांच्या धुराला आमच्यात धूर म्हणतच नाहीत. तो वास. वासाने कोणी मरतं का?

"आजी," टायवाला आईला म्हणाला, "मीसुद्धा आय्वार खातो. माझी आईही करते."

"मग तिला विचार," आई बसल्या जागेवरून, "तिच्या चुलीतून शिसं निघतं का!"

"हे यंत्र शिसं मोजत नाही, आजी. फक्त धूळ. शिशाचा पुरावा तुमच्याकडे नाही."

नाहीच. मत पुढे ढकललं. एक फेब्रुवारीपर्यंत 'सुधारित माहिती' द्या. म्हणजे रीतसर पुरायला सहा आठवडे.

बुधवार, २० डिसेंबर

गावच्या पेपरात : 'शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांनाच पकडले.' मी याहून चांगला मथळा दिला असता.

ग्लिगोरभाऊंनी राजीनामा दिला. कोणी घेतला नाही. दोस्ता दारात रडली, केक आणला नव्हता — एवढी खचलीय.

देस्पिनाने फोनवर जर्मनीला विचारलं, बालवाडीत जागा कधीपासून मिळेल. दार लोटून घेतलं नाही. ऐकू यावं म्हणूनच.

दोष माझा. जागा माझी, आलेख माझा, पळीही माझ्याच हातात. हुशारी मिरवायला मी पोरीचा श्वास मुखपृष्ठावर लावला, आणि त्यांनी तिथेच माझा कान पकडला.

शुक्रवार, २२ डिसेंबर

तीन दिवसांनी आई बोलली. न्याहारीच्या टेबलावर तळघराची किल्ली आपटली.

"मिरच्यांवर आळ आलाय ना?"

"आलाय."

"मग मिरच्यांनाच साक्षीला बोलव."

मला कळेना. तिने मग सावकाश समजावलं, मंदबुद्धी मुलाला समजवावं तसं. मिरच्या या अंगणातल्या. भट्टीच्या भिंतीपासून पन्नास पावलांवर वाढलेल्या. धुराड्यातून पडलं ते मातीत गेलं, पानावर पडलं, कढईत पडलं. आणि तिच्याकडे दर वर्षाची एक बरणी आहे. न उघडलेली. झाकणावर साल घातलेली. २०११ला समोरचा लोखंडाचा कारखाना नव्या मालकाने घेतला आणि बॅटऱ्या वितळवायला लागला. आधीच्या बरण्या आहेत, नंतरच्याही आहेत.

"तुमच्या डब्याला विजेचा प्लग लागतो," ती म्हणाली. "माझ्या बरण्यांना काही लागत नाही."

एक्याऐंशी वर्षांची आहे. मी उठून तिच्या कपाळाचा मुका घेतला. "चल, हो तिकडे, कॉफी सांडेल," ती.

मंगळवार, २६ डिसेंबर

देस्पिनाची मैत्रीण राजधानीत अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. ती तयार झाली. ग्लिगोरभाऊ एकवीस बरण्या घेऊन सकाळच्या बसने गेले. एकेक बरणी लोकरी मोज्यात गुंडाळलेली. आमच्याकडे परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेत आय्वार असाच जातो, जावयाच्या बॅगेतही चार गेल्या होत्या. आळीतल्या प्रत्येक घराने मोजे दिले. दोस्ताने नवऱ्याच्या पायातले काढून.

"एक जरी फुटली तर परत येऊ नकोस," आई.

"स्पास्काताई, मांडीवर घेऊन बसतो."

"बरण्या घे मांडीवर. बसमधल्या बाया नको."

बऱ्याच दिवसांनी गल्ली हसली.

शनिवार, ६ जानेवारी

ख्रिसमसची पूर्वसंध्या — आमचा ख्रिसमस सात जानेवारीला. काल रात्री चौकात दरवर्षी पेटते ती ख्रिसमसची होळी आळीने पेटवली नाही. कोणी ठराव केला नाही, कोणी सांगितलं नाही. आपला धूर आपल्यालाच दाखवतील म्हणून. म्हातारे न पेटलेल्या लाकडांभोवती थोडा वेळ उभे राहिले, घोट घेतला, घरी गेले.

भट्टी पेटलेली होती.

इस्क्राला काल पहाटे इस्पितळात नेलं. ऑक्सिजन. आज परत आणली. रोज ड्यूटी करते त्याच वॉर्डात देस्पिना पोरीचा हात हातात धरून बसलेली — तिथल्या नर्सांना तिच्याकडे बघवत नव्हतं. मी देवाला काही मागत नाही, त्याचे-माझे संबंध लेखापुरते. काल मागितलं.

मंगळवार, २३ जानेवारी

आला! निकाल आला!

समिती आमच्या स्वयंपाकघरात. देस्पिनाने फोनवरून वाचून दाखवलं. २००३ ते २०१० — शिसं नसल्यात जमा. २०११ — आहे. २०१२ — वाढलं. मग दर वर्षी एकेक पायरी वर. गेल्या पाच वर्षांच्या बरण्या मर्यादेच्या कितीतरी वर. २०२३ची सहापट.

ग्लिगोरभाऊंनी टेबलावर हात आपटला आणि मग त्याच हातात तोंड लपवलं. दोस्ता "धरला, धरला, मेल्याला धरला!" म्हणून नाचायला लागली. तेयाने पांढऱ्या बुटांनिशी तिला मिठी मारली. मी मनात मथळे जुळवत होते. टायवाल्याचं तोंड डोळ्यांसमोर आणत होते. असा आलेख, सालं झाकणांवरची, आईच्या अक्षरात! हा कसा खोडशील?

आईने तेवढं विचारलं, "२०१९ची किती?"

देस्पिनाने खाली पाहून सांगितलं. चौपट.

२०१९ची बरणी. इस्क्राचा पहिला घास. माझं बोट.

दोस्ता नाचता नाचता खाली बसली. आई उठली, तळघरात गेली. दुपारच्या जेवणापर्यंत वर आली नाही. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. आतून आवाज येत होता — झाकण उघडल्याचा, ओतल्याचा, मग पुढचं झाकण. यंदाच्या उरलेल्या बरण्या. एकेक.

मी खाली उतरले नाही.

बुधवार, २४ जानेवारी

इस्क्राचं रक्त तपासायला दिलं. हात पुढे करून बसली, रडली नाही. विचारलं, "आजी, आज पाव-आय्वार का नाही?"

संपलं, म्हटलं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

जिंकलो.

या वेळी आलेख नव्हताच. टेबलावर प्रयोगशाळेतून परत आलेल्या एकवीस बरण्या मांडल्या, सालवार, आणि प्रत्येकीपुढे तिचा कागद. आईने ठेवणीतल्या कपड्यांत शेजारी उभं राहून एकेक साल वाचलं. तिने भाषण केलं नाही. सालं वाचली. २०१९ला तिचा आवाज गेला, ते ग्लिगोरभाऊंनी वाचलं, पुढे पुन्हा ती. टायवाला मध्ये काहीतरी म्हणायला उठला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "खाली बस रे. बाई घरचं सांगत्येय."

सतरा विरुद्ध चार. आराखडा मंजूर, वर भट्टी सोमवारपासून थांबणार, गाळणी लागेपर्यंत पेटणार नाही. लोक पायऱ्यांवर गात होते. दोस्ताच्या केकला आज चव लागली, एवढ्यावरून ओळखा.

घरी आल्यावर देस्पिनाने पर्समधलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "शब्द म्हणजे शब्द, आई. राहते."

पाच महिने हे एक वाक्य ऐकण्यासाठी मी जगले. ऐकलं. आणि माझी नजर तिच्या खांद्यावरून अंगणाकडे गेली. वाफे बर्फाखाली होते. काळी, सुपीक, आमची माती.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

इस्क्राच्या रक्ताचा कागद आला. शिसं आहे. डॉक्टर म्हणाले, भट्टी बंद झाली, माती बंद होत नाही. या अंगणापासून पोरीला लांब ठेवा, जितकं लांब, तितकं बरं.

देस्पिनाने कागद घडी करून ठेवला. मीच माळ्यावरची बॅग काढली, टेबलावरचं पत्र उचलून तिच्या पर्समध्ये घातलं.

"तिकडे बाहेर रोज उघडं असतं?" इस्क्राने विचारलं. हो म्हटलं.

आईने सवयीने मोजे आणून दिले, चार जोड. मी ते बॅगेत ठेवले. रिकामे.